अस्वलाचा मांगर

पहिला दिवस : लंडन ते एक्झिटर

कुडाळहून निघतानाच धाकट्या भावाशी माझं वाजलं होतं. विषय मांगराचा. घरामागचा आमचा मांगर म्हणजे मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, आत काजूबियांच्या गोणी, मोडका नांगर, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि वर्षातून दोनदा मांजरीचं बाळंतपण. दर मे महिन्यात तो शाकारायचा म्हणजे गवत हवं आणि माणसं हवीत. दोन्ही आता मिळत नाहीत. ‘यंदा पत्रे घालतंय,’ भाऊ म्हणाला. मी नको म्हटलं. नको म्हणणारी मी शाकारणीच्या दिवशी कधी घरी नसते, हे त्याने तोंडावर म्हटलं नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच एवढ्या लांब आले होते. भाची सायली एक्झिटरला शिकते. लंडनमध्ये चार दिवस राजवाडे आणि पूल बघून माझे पाय आखडले, तेव्हा ती म्हणाली, “मावशी, आता तुला तुझ्या आवडीचं काहीतरी दाखवते. एक मांगर आहे. त्यात अस्वल राहायचं.” मी लगेच बॅग भरली.

पॅडिंग्टनहून एक्झिटर सेंट डेव्हिड्स सव्वादोन-अडीच तास. मेचा शेवटचा आठवडा, खिडकीबाहेर सगळं हिरवं. पण आपल्या जुलैतलं चिखलाचं हिरवं नाही, इस्त्री केलेलं हिरवं. प्रवासाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही, कारण अर्धा प्रवास मी झोपले.

दुपारी कॅथीड्रल बघितलं. लोक आत शिरताच वर बघतात, मीही बघितलं. दगडी कमानींचं छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ९६ मीटर अखंड गेलेलं आहे; मध्ये मनोरा आडवा येत नाही, म्हणून इतकं लांब दिसतं. मध्ययुगीन दगडी छतांत इतका अखंड पल्ला दुसरा नाही म्हणतात. मे १९४२ मध्ये जर्मन बॉम्बने इमारतीचा एक कोपरा उडवला, तरी ते राहिलं. पण खरं सांगायचं तर माझ्या लक्षात राहिली ती दोन जनावरं.

एक हत्ती. पाद्र्यांच्या घडीच्या बाकांखाली टेकायला लाकडी कोरीव ठोकळे असतात, त्यातल्या एकावर तो आहे, तेराव्या शतकातला. १२५५ मध्ये फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला हत्ती भेट दिला आणि तो लंडनच्या किल्ल्यात ठेवला होता; त्याची कीर्ती इथवर पोचली असणार. सोंड झकास जमली आहे. पाय मात्र कुठल्यातरी भलत्याच जनावराचे. कोरणाऱ्याने ऐकीव माहितीवर काम उरकलं असावं, असं मला वाटलं.

दुसरं जनावर मांजर. उत्तरेकडच्या भिंतीत मोठं घड्याळ आहे, त्याच्या खालच्या दाराला एक भोक पाडलंय. घड्याळाच्या दोरांना चरबी लावायची, चरबीला उंदीर यायचे, उंदरांना मांजर. चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या कॅथीड्रलच्या हिशेबात मांजरासाठी तिमाहीला १३ पेन्स खर्ची टाकलेले आहेत. म्हणजे आठवड्याला एक पेनी. मी तेहतीस वर्षं व्हाउचरं तपासली, पण मांजराच्या नावाचं व्हाउचर एकदाही आलं नाही. आमच्या मांगरातली मांजर तर बिनपगारीच राबते.

दुसरा दिवस : किलर्टन

सकाळी पावसाची भुरभुर. आमच्याकडे याला पाऊस म्हणत नाहीत, पण सायलीने छत्री घेतली, म्हणून मीही घेतली. बसने ब्रॉडक्लिस्ट गाव मागे टाकलं आणि पुढच्या रस्त्यावर आम्हाला उतरवलं. तिथून चालत.

ब्रॉडक्लिस्टमधून जाताना मी खिडकीला नाक लावून बसले होते. घरं मातीची! फिकट पिवळ्या रंगाची, भिंती हातभर जाड, कोपरे गोल झालेले, वर गवताची भलीमोठी टोपी. ही माती म्हणजे या डेव्हन परगण्याचं ‘कॉब’: चिकणमाती, वाळू आणि काड पायांनी तुडवायची, थरावर थर चढवायचे, एक थर वाळला की दुसरा. अगदी आपल्यासारखंच. इकडे म्हणतात, कॉबच्या घराला डोक्याला चांगली टोपी आणि पायात चांगले बूट द्या, मग ते कुणाला हार जात नाही. म्हणजे छप्पर गळता कामा नये आणि जोतं दगडी हवं. माझी आजी हेच म्हणायची, फक्त तिच्या वाक्यात बूट नव्हते.

किलर्टन ही अ‍ॅक्लंड घराण्याची जहागीर. घर बघून प्रथम जरा निराशाच झाली. मोठं आहे, नीटनेटकं आहे, पण वाड्याचा तोरा नाही. त्यामागची हकिगत मजेची. सातव्या बॅरोनेटला (बॅरोनेट हा बापाकडून मुलाकडे जाणारा किताब) मागच्या टेकडीवर खरा मोठा वाडा बांधायचा होता. जेम्स वायट या नामांकित वास्तुशिल्पकाराकडून त्याचे आराखडेही करून घेतले होते. तोवर राहायला काहीतरी हवं म्हणून १७७८-७९ मध्ये जॉन जॉन्सनकडून हे घर बांधून घेतलं. तात्पुरतं. वरचा वाडा झालाच नाही, आणि तात्पुरतं घर अडीचशे वर्षं व्हायला आली तरी उभं आहे. आमच्या बँकेच्या शाखेची ‘तात्पुरती’ जागा अशीच एकोणीस वर्षं टिकली होती, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

घर आम्ही भराभर बघितलं. जुन्या कपड्यांचा इथला संग्रह नावाजलेला आहे, पण काचेमागच्या झग्यांपुढे मी फार वेळ थांबू शकत नाही. माझं लक्ष बाहेर, टेकडीकडे.

टेकडीचं नाव डॉल्बरी. जुन्या ज्वालामुखीच्या दगडाची. वर लोहयुगातल्या गढीचे उंचवटे आहेत. डॉल्बरी आणि पलीकडची कॅडबरी या दोन टेकड्यांमध्ये रोज रात्री एक अग्निमुखी ड्रॅगन उडत येजा करतो आणि दोन्हीकडचं धन राखतो, अशी इथली लोककथा. आमच्याकडे हे काम नाग करतो, आणि तो उडत नसल्यामुळे त्याला एकच जागा सांभाळावी लागते.

उतारावरची बाग जॉन व्हीच नावाच्या स्कॉटिश माणसाच्या हातची. तो विशीच्या आसपास असताना इकडे आला, सातव्या बॅरोनेटने त्याच्याकडून सगळा परिसर आखून घेतला आणि पुढे जवळच बडलेकला रोपवाटिका काढायला मदत केली. त्या रोपवाटिकेची पुढे केवढी पेढी झाली! व्हीचच्या वारसांनी जगभर माणसं पाठवली. विल्यम लॉब हा त्यांचाच माणूस; १८५३ मध्ये तो कॅलिफोर्नियातून महावृक्षांचं बी घेऊन आला, त्याला इंग्लंडात वेलिंग्टोनिया म्हणतात. किलर्टनच्या टेकडीवर हे वृक्ष ओळीने उभे आहेत. साल हाताला लागते ती काथ्यासारखी, दाबली की आत जाते. मी बोटाने दाबत बसले आणि सायली म्हणाली, “मावशी, तो सोफा नाहीये.”

रोडोडेंड्रॉन तेव्हा उतरणीला लागले होते. हिमालयात गेलेल्यांनी ज्याला बुरांश म्हणून बघितलं, तेच हे कूळ. पावसाने पाकळ्या झडून पायवाट लाल-जांभळी झालेली. त्या पायवाटेने चढत, जुन्या खाणीतल्या खडकांच्या बागेच्या बाजूने वळलं की झाडांमध्ये एकदम तो दिसतो.

मांगर!

मी खरंच मोठ्याने म्हटलं. पुढे चाललेल्या एका जोडप्याने मागे वळून बघितलं.

गवताचं छप्पर थेट खाली झुकलेलं, वळचणीतून पागोळ्या गळत होत्या. भिंती उभ्या ओंडक्यांच्या, साल न काढता तशाच लावलेल्या. छोट्या खिडक्या. लांबून वाटतं की एखाद्या लाकूडतोड्याने सवड मिळेल तसं उभं केलंय. जवळ गेलं की कळतं की हे ‘सवड मिळेल तसं’ दिसावं म्हणून केवढी तरी सवड खर्ची पडली आहे. ओंडके जाडीला एकमेकांशी जुळतात. आपल्या मांगरात जे लाकूड सापडेल ते लागतं, म्हणून एक वासा फणसाचा आणि एक भेरल्या माडाचा असतो. इथे ओबडधोबडपणा मापून घेतलेला.

१८०८ साली हा बांधला. दहावे बॅरोनेट सर थॉमस डाइक अ‍ॅक्लंड तेव्हा एकवीस वर्षांचे. त्याच वर्षी त्यांचं लिडिया हिच्याशी लग्न झालं आणि नव्या नवरीला अचानक दाखवून चकित करायला म्हणून त्यांनी बागेत ही झोपडी उभी करवली. नाव ठेवलं ‘लेडी कॉट’, म्हणजे बाईसाहेबांची खोपी. घराबाहेर बसायची, चहा घ्यायची, पाऊस आला तर आसऱ्याला थांबायची जागा. उन्हाळघर म्हणायचं ते हेच. इथल्या उन्हाळ्यात ऊन किती असतं ते विचारू नका.

आत तीन खोल्या. आत पाऊल टाकलं की आधी ओल्या लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास येतो. मग डोळे अंधाराला सरावतात आणि माणूस खाली बघायला लागतो, कारण खरी कारागिरी पायाखाली आहे. एके ठिकाणी नदीतल्या गोट्यांची जमीन. एके ठिकाणी लाकडाच्या चकत्यांची: ओंडके आडवे कापून त्यांची तोंडं वर करून ठासून बसवलेली, त्यामुळे प्रत्येक झाडाची वर्षं मोजता येतात. आणि सर्वांत आतल्या खोलीत हाडांची.

हो, हाडांची. हरणांच्या पायाच्या सांध्यांची छोटी हाडं, हजारोंनी, शेजारीशेजारी रोवून केलेली जमीन. मी वाकून बघितलं. एकेक हाड सागरगोट्याएवढं, वरून झिजून गुळगुळीत, जुन्या हस्तिदंतासारखं पिवळं. लहानपणी ओटीवर आम्ही मुली सागरगोटे खेळायचो ते आठवलं. इकडच्या मुली तोच खेळ अशाच हाडांनी खेळायच्या, ‘नकलबोन्स’ म्हणून. पाच हाडांत खेळ होतो. इथे जमिनीला किती हरणं लागली असतील याचा अंदाज बांधायला लागले आणि सोडून दिलं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मोठी झालेली बाई मी, पण त्या हाडांवर पाय ठेवायला धजेना.

वर बघावं तर तिथेही तेच. कुठे विणलेलं छत, कुठे पाइनची फळं दाटीने लावून केलेली नक्षी, आतल्या खोलीत हरणाचं कातडं. त्या खोलीला म्हणतात ‘साधूची खोली’. तिच्या खिडकीत जुनी रंगीत काच बसवली आहे. बाहेर ढग होते, पण मध्येच जरा उघडलं आणि लाल-पिवळा उजेड हाडांवर पडला. सायलीने फोटो काढला. फोटोत ते काही उतरलं नाही.

साधू कुठला, म्हणाल. त्या काळात इंग्लंडच्या बड्या लोकांत बागेत ‘आश्रम’ बांधायचं वेडच होतं. झाडांच्या मुळ्यांच्या, सालींच्या, शेवाळाच्या खोप्या. सरे परगण्यातल्या पेन्सहिलच्या बागेची गोष्ट सांगतात की मालकाने तिथे राहायला चक्क पगारी साधू ठेवायचं ठरवलं: सात वर्षं केस-नखं कापायची नाहीत, कुणाशी बोलायचं नाही, मुदत पुरी केली तर सातशे पौंड. तीन आठवड्यांत साधू दारूच्या गुत्त्यावर सापडला आणि ठेव मुदतीआधी मोडल्यासारखं सगळं बुडालं. गोष्ट खरीखोटी देव जाणे, पण अटी वाचून मला आमच्या कर्जाच्या कागदपत्रांची आठवण झाली.

अ‍ॅक्लंडांच्या खोपीत साधू काही आला नाही, अस्वल आलं. १८६० च्या दशकात घराण्यातल्या गिल्बर्ट अ‍ॅक्लंडनी कॅनडाहून एक काळं अस्वल आणलं आणि ते या झोपडीत ठेवलं. पाळलेलं. त्यावरून हिचं नाव पडलं ‘बेअर्स हट’.

आता बघा. नवऱ्याने बायकोसाठी बांधली, बायकोचं नाव दिलं. लिडिया १८५६ पर्यंत जगली, म्हणजे लग्नानंतर अठ्ठेचाळीस वर्षं. थॉमस लॉरेन्ससारख्या चित्रकाराने तिचं दोन मुलांसोबत चित्र रंगवलं. आणि झोपडीला नाव राहिलं कुणाचं? अस्वलाचं. आमच्या आळीत एक ‘रेड्याचं घर’ आहे. रेडा मरून साठ वर्षं झाली. त्या घरात मागाहून एक मामलेदार राहून गेले, पण पोस्टमनला अजून रेडाच सांगावा लागतो.

आम्ही बाकावर टेकलो होतो तेवढ्यात एक छोटी मुलगी आत आली. कोपरान् कोपरा बघून बापाला विचारती झाली, “अस्वल कुठंय?” बाप म्हणाला, “जेवायला गेलंय.” ती दारात जाऊन वाट बघत उभी राहिली. आम्ही निघालो तरी ती तिथेच होती.

बाहेर येऊन मी छपराच्या पुढे बराच वेळ उभी राहिले. आमचं शाकारण दर वर्षीचं, कारण आमचा पाऊस एका महिन्यात गवत कुजवतो. इकडचं छप्पर पंचवीस-तीस वर्षं जातं. हातभर जाड थर, उतार उभा, हेझलच्या काठ्या पिळून केलेल्या खुंट्यांनी आवळलेलं. पाणी वरच्या बोटभर थरातूनच घसरून जातं, आतलं गवत कोरडंच राहतं. डेव्हनमध्ये यासाठी गव्हाचं काड वापरतात, आणि गंमत अशी की नव्या गव्हाचं काड चालत नाही. हल्लीच्या जाती बुटक्या केलेल्या, आणि कापणीचं मोठं यंत्र काड चुरगाळून टाकतं. म्हणून छपरांसाठी मारिस विजनसारखा उंच गहू मुद्दाम पेरतात आणि जुन्या पद्धतीच्या यंत्राने कापून पेंढ्या बांधतात. सायली म्हणाली, “म्हणजे छपरासाठी शेती?” हो, छपरासाठी शेती. भावाला हे सांगायचंच, असं मी ठरवलं. मग वाटलं, सांगून त्याच्या हाती काय देणार? गवत तर मिळत नाहीच.

उतरताना चॅपल लागलं, १८४१ चं, सी. आर. कॉकरेलचं काम, ग्लास्टनबरीच्या जुन्या चॅपलवरून केलेलं. सुबक आहे. पण अस्वलाच्या घरानंतर दगडी इमारतीकडे माझं मन लागेना.

तबेल्यात आता कॅफे आहे. स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम. ही क्रीम म्हणजे मंद आचेवर तापवलेल्या दुधाची दाट साय, चमचा उभा राहतो इतकी. डेव्हनमध्ये आधी साय आणि वर जॅम; शेजारच्या कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम. यावरून दोन परगण्यांत जे वितुष्ट आहे ते ऐकून मला घरच्यासारखं वाटलं. माशाच्या आमटीत तिरफळं कधी घालायची यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

चहाबरोबर सायलीने शेवटची गोष्ट सांगितली. पंधरावे बॅरोनेट सर रिचर्ड अ‍ॅक्लंड खासदार होते. जमीन कुणा एकाच्या मालकीची असू नये असं मानणारे. १९४२ मध्ये त्यांनी ‘कॉमन वेल्थ’ नावाचा पक्षच काढला. मग बोलायचं एक आणि सात-बारा आपल्या नावावर, हे बरं दिसेना. १९४४ मध्ये किलर्टनची सुमारे ६,४०० एकर जमीन आणि सॉमरसेटमधली होल्निकोटची जहागीर त्यांनी नॅशनल ट्रस्ट या जुनी घरं-बागा जपणाऱ्या संस्थेला देऊन टाकली. अस्वलाची झोपडी त्यातच आली.

“आपल्याकडे भूदान झालं तसं?” सायलीने विचारलं.

मी म्हटलं, “भूदानात डोंगराळ पड जमीन देणारे पुष्कळ होते. याने घर दिलं.” मग वाटलं, जरा जास्तच बोलले. पण मागे घेतलं नाही.

तिसरा दिवस : स्टोरहेड आणि परत

लंडनला परतायचं होतं. एक्झिटरहून वॉटर्लूला जाणारी गाडी डॉर्सेटमधल्या गिलिंगहॅमला थांबते, आणि तिथून दहाएक किलोमीटरवर स्टोरहेड. हा बेत माझा. कारण काल लिडियाचं माहेरचं आडनाव वाचलं होतं: होअर. होअर म्हणजे बँकवाले! १६७२ साली रिचर्ड होअरने सुरू केलेली पेढी लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर आजही त्याच कुटुंबाकडे आहे. लिडियाचा बाप हेन्री होअर तिथला भागीदार. आणि त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेने स्टोरहेडची बाग केली. जन्मभर बँकेत काढलेल्या बाईला हे टाळता येणं शक्य नव्हतं.

गिलिंगहॅमला उतरलो तर आदल्या दिवशी सांगून ठेवलेली टॅक्सी नाही. फोन केला तर “निघालाय.” चाळीस मिनिटांनी केला तरी “निघालाय.” हे उत्तर इंग्रजीतही इतकं तंतोतंत आपलं असेल असं वाटलं नव्हतं. शेवटी दुसऱ्या एका ड्रायव्हरबाई दयेने थांबल्या, बॅगा गाडीतच राहू द्या म्हणाल्या, तीन तासांनी न्यायला येते म्हणाल्या, आणि आल्याही.

स्टोरहेडचं घर १७२० च्या दशकातलं. त्याआधी, १७२० मध्ये, साऊथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून अर्धं लंडन बुडालं, तेव्हा होअर पेढीने वेळेवर विकून नफा गाठीला बांधला होता. ती कंपनी गुलामांचा व्यापार करणारी होती, हेही त्याच वहीत लिहायला हवं. बाग पुढच्या पिढीची. दुसऱ्या हेन्री होअरने ओढा अडवून तळं केलं आणि काठाने देवळं उभी केली: फुलांच्या देवीचं, आत हर्क्युलसचा पुतळा असलेलं पँथिऑन, टेकडीवर अपोलोचं गोल देऊळ, आणि झऱ्यावर एक गुहा, जिच्यात पांढरा रंग दिलेली शिशाची अप्सरा झोपली आहे. काठाने चालताना दर वळणाला एकेक दिसतं आणि दडतं. सुंदर आहे, त्यात शंका नाही. पण कुठेही अंगाला अंग लागत नाही. सगळं लांबून बघायचं. मोठ्या शाखेत शिरल्यावर वाटतं तसं मला वाटत राहिलं, की इथे कुणीतरी टोकन मागेल.

आणि मग पँथिऑनच्या अलीकडे, झाडांत अर्धी लपलेली एक खोपी. तिला आता गॉथिक कॉटेज म्हणतात. आधीचं नाव वॉच कॉटेज. १८०६ मध्ये सर रिचर्ड कोल्ट होअरने तिला टोकदार कमानीचं बसायचं बाक आणि पोर्च जोडला. १८०६ इथे, १८०८ किलर्टनला. एकाच आडनावाच्या अवतीभवती दोन वर्षांत दोन झोपड्या. संगमरवर परवडणाऱ्यांनाच गवताची हौस सुचते, असं मी सायलीला म्हटलं. ती म्हणाली, “तू पण तर भावाला पत्रे घालू देत नाहीस.”

मी पाणी प्यायले.

तो पोर्च छान होता. वेलींनी वेढलेला, आत थंड, समोर तळ्याची एक चीर. पण जमीन नेहमीची. हाडं नाहीत, पाइनची फळं नाहीत. कुणी कुणाला चकित करायला बांधल्यासारखं काही नाही.

निघायच्या आधी घरात एक फोटो बघितला. शेवटचे मालक सर हेन्री होअर आणि लेडी आल्डा यांचा एकुलता एक मुलगा हॅरी १९१७ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या जखमांनी गेला. वारस नाही. १९४६ मध्ये त्यांनी घर आणि बाग नॅशनल ट्रस्टला दिली आणि पुढच्या वर्षी २५ मार्चला, एकाच दिवशी, काही तासांच्या अंतराने दोघंही गेले. काल सर रिचर्डनी दिलं ते तत्त्वासाठी, यांनी दिलं ते घ्यायला कुणी उरलं नाही म्हणून. ट्रस्टच्या पाटीवर दोन्हीला शब्द एकच आहे, ‘दिलं’.

वॉटर्लूच्या गाडीत बसल्यावर भावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. मी हाडांच्या जमिनीपासून सुरुवात केली, गव्हाच्या काडापर्यंत आले, अस्वल सांगितलं. तो मुकाट ऐकत होता. मग म्हणाला,

“आणि आता त्या मांगरात ठेवतत काय?”

“काय नाय. लोक येतत, बसतत, जातत.”

“तिकीट?”

“आसा.”

जरा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, “पत्रे इले हत. मंगळवारी चढवतले. तुका जुन्याचो फोटो होयो तर सांग, फाल्यां काढून धाडतंय.”

मी होय म्हटलं. बाहेरून नको म्हटलं, आतून काढ. वासे दिसतील असा. आणि मांजर असली तर तिला हाकलू नको.